वरण न सांडणारी चाकं

नीलम्माच्या मेसचा डबा लावायचा तर एक अट होती. डबा धुऊन परत करायचा नाही. खाल्ला तसा, झाकण लावून खोलीच्या दाराबाहेर ठेवायचा. नव्या पोरापोरींना याची लाज वाटायची. खाल्ल्या भांड्यावर पाणी तरी ओतावं, एवढं वळण ती घरून घेऊन आलेली असायची. नीलम्मा म्हणायची, "वळण गावी दाखवा. हितं मला डबा उष्टा पायजे."

लातूरच्या ट्यूशन एरियात मेस म्हणाल तर पायलीला पन्नास. सगळ्यांचे डबे मोटरसायकलीवरून फिरायचे. नीलम्मा मात्र पायी. बेचाळीस डबे, नऊ इमारती, दोन्ही वक्ताला. दोन हातांत दोन पिशव्या घेऊन फेऱ्यांवर फेऱ्या करायची, जिने चढायची, भरलेला डबा ठेवून उष्टा उचलायची आणि तिथंच जिन्यात झाकण काढून बघायची. पोळीच्या कडा राहिल्या, मधलं मधलं खाल्लं, तर दाढ दुखतीय. भात संपला, वरण तसंच, तर घाईत कोरडाच गिळलाय. भाजीला दोन दिवस हात नाही, तर परवाच्या पेपरात मार्क कमी पडलेत. आणि डबा भरलेला आला, तर ती तिथून हलायची नाही. दार वाजवायची.

ही सवय तिला टिनाच्या शेडात लागली. त्र्याण्णव साली भूकंप झाला तेव्हा ती तेवीस वर्षांची, गौरी-गणपतीला माहेरी आलेली. गाव किल्लारीपासून दोन कोसांवर. गणपती बुडवून गाव झोपलं होतं. नीलम्मा नि तिची आई शिवम्मा अंगणात झोपलेल्या, म्हणून राहिल्या. बाप नि दोन भाऊ भिंतीखाली गेले. पुढं शेडात दिवस काढताना गाड्या भरभरून खाणं यायचं. वाटणारे चोख होते. किती माणसं, किती पाकिटं, सगळं वहीत. शिवम्मा रोज रांगेत उभी राहायची, हात पुढं करायची, पुऱ्या घ्यायची. दीड महिन्यानं एका सकाळी ती उठली नाही. अंथरूण उचललं तर खाली पुऱ्यांचा थर, वाळून कौलासारख्या झालेल्या.

हे नीलम्मा कुणाला सांगायची नाही. एकदाच बोलली. "दिलेलं सगळ्यांनी बघितलं. खाल्लेलं कुणी बघितलं न्हाई. म्या तर शेजारी झोपत होते."

नवऱ्यानं पुढं दुसरी केली. त्याचं तिनं फारसं मनावर घेतलं नाही. लातूरला आली, आधी लोकांच्या भाकरी थापल्या, मग ट्यूशनवाले वाढले, पोरं वाढली, तशी स्वतःची मेस काढली. पंचवीस वर्षं अशी जिन्यांत गेली आणि गुडघे वाजायला लागले. डॉक्टरनं फोटो काढून दाखवला. म्हणाले, गादी झिजली, जिने चढणं सोडा. नीलम्मानं विचारलं, "जिने न्हाई, सपाटीवरचं चालणं सोडलं तर? मंग जिन्याला पुरतील का?" डॉक्टर म्हणाले की असा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नाही, पण हिशेब अगदीच चुकीचा नाही.

त्या श्रावणात डावा गुडघा भोपळ्यासारखा सुजला आणि दहा दिवस डबे भाच्याच्या हाती द्यावे लागले. व्यंकट तिशीतला, कामाला वाघ. बेचाळीस डबे मोटरसायकलीवरून वीस मिनिटांत टाकून यायचा. वर मावशीला त्रास नको म्हणून उष्टे डबे रस्त्यातल्याच नळावर धुऊन आणायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या सिंधूचा डबा तीन दिवस भरलेला सापडला. त्यानं तो कुत्र्याला घातला आणि नवा ठेवला. चौथ्या दिवशी घरमालकिणीनं कडी तोडली. पोरगी तापानं बेशुद्ध. टायफॉइड निघाला. वाचली, नायगावहून बाप आला नि महिनाभर गावी घेऊन गेला.

व्यंकट म्हणाला, "मावशी, मला वाटलं पोरगी उपास करून राहिली."

नीलम्मानं त्याला शिवी दिली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून लंगडत का होईना, स्वतःच निघाली.

तिच्या मेसला लागून शारिकचं दुकान. इन्व्हर्टर, बॅटऱ्या, पंप, काय बिघडेल ते. वय अडतीस, दोन लेकरांचा बाप, आणि दोन वर्षांपासून हा गडी बिजलीवर चालणारा स्केटबोर्ड बनवून राहिला होता. मोबाइलवर कुठल्या तरी देशातल्या पोरांचे बघून. सगळा माल भंगारातला, कारण बायको सादिया म्हणाली होती की घरातला पैसा या फळीला लागला तर फळी चुलीत जाईल. गल्लीतले लोक येता-जाता विचारायचे, चालली का बाबा फळी? शारिक म्हणायचा, चालेल की. एकदा चाललीही. हातभर गेली, खडा लागला नि शारिकच्या हनुवटीला चार टाके पडले. तेव्हापासून ती काउंटरखाली होती.

नीलम्मा बॅटरीचं पाणी बघून घ्यायला गेली तेव्हा तिला ती दिसली. तिनं ती पायानं बाहेर ओढली, शेजारी बोटं लावून उंची मोजली. चार बोटं. मग काउंटरला धरून, गुडघा न वाकवता, सरळ पायानं वर चढून उभी राहिली.

स्कूटी का नाही, हे सगळ्यांनीच विचारून झालं होतं. स्कूटीवर बसायचं, उतरायचं, पुन्हा बसायचं, दर वीस पावलांवर. त्या उठबशीनंच गुडघा मरायचा. सायकलरिक्षा त्या गल्लीत शिरत नव्हती. दोन्ही बाजूंनी गाड्या लावलेल्या, मधून एक म्हैस जाईल एवढीच वाट.

"ही मला करून दे," ती म्हणाली.

शारिकला वाटलं मावशी थट्टा करतीय. मग तिचं तोंड बघून तो थट्टेवर गेला नाही. एवढंच म्हणाला की पुढं धरायला दांडा लावावा लागेल, आणि चाकं ही चालणार नाहीत.

चाकं कसली हवीत, याची परीक्षा नीलम्मानं स्वतःच ठरवली. डब्यातलं वरण सांडता कामा नये. तिनं एका ताटलीत काठोकाठ वरण घेतलं, फळीवर ठेवलं आणि शारिकला दोरीनं फळी गल्लीतून ओढायला लावली. ती चाकं जुन्या स्केटिंगच्या बुटांची होती, लिंबाएवढी. फरशीच्या पहिल्याच फटीत अर्धं वरण रस्त्यावर. दुसरी फेरी, तिसरी फेरी. गल्लीतली कुत्री त्या दिवशी लई खूश होती.

शारिकनं चाक उलटं करून त्यावरचा आकडा दाखवला. नव्व्याण्णव. म्हणाला, हा कडकपणा असतो मावशी. नव्व्याण्णव म्हणजे दगड, गुळगुळीत जमिनीसाठी. आपल्या रस्त्याला अठ्ठ्याहत्तर पाहिजे, मऊ, खडा गिळून घेणारं.

नीलम्मानं तो आकडा बोटानं चाचपला. समोरच्या भिंतीवर ट्यूशनवाल्याचा फलक होता, हार घातलेल्या पोरांचे फोटो, प्रत्येकाच्या खाली नव्व्याण्णव पॉइंट काहीतरी. ती म्हणाली, "आख्ख्या लातुरात तूच एकटा अठ्ठ्याहत्तरवाला हुडकायलास बघ."

अठ्ठ्याहत्तरची चाकं नवी घ्यायची तर महाग. तेव्हा शारिकनं मामूचं नाव काढलं. गुलाम रसूल, नांदेडला भंगारातल्या चाकांचा धंदा. त्यांच्या बापानं टांग्याची चाकं बांधली होती. टांगे गेले, मग हातगाड्यांची, मग तीही गेली. आता दवाखान्यांची, कारखान्यांची, विमानतळावरच्या ढकलगाड्यांची मोडकी चाकं त्यांच्याकडं येऊन पडायची. महालक्ष्म्यांना पोरं गावी गेली होती, त्या सवडीत दोघं एसटीनं निघाले. शारिकच्या पायाशी फळी, नीलम्माच्या मांडीवर एकावर एक तीन ताळ्यांचा डबा, तिन्ही ताळ्यांत वरण. चाकूरला गाडी थांबली तेव्हा शारिकनं विचारलं, जेवायचं का. ती म्हणाली, हे खायाचं न्हाई, कामाचं हाय. शेजारची बाई सरकून बसली.

गुलाम रसूल सत्तरीचे, दाढी मेंदीची, कानाला कमी ऐकू येणारे. चाक मात्र ते कानानंच पारखायचे. आसावर घालून फिरवायचे आणि आस दातात धरायचे. खरखर हाडातून कळते म्हणायचे. भाच्याची फळी बघून ते आधी पोटभर हसले. मग नीलम्मानं दुकानातल्या उखडलेल्या शहाबादी फरशीवर ताटली ठेवून वरण ओतलं, तसे हसायचे थांबले.

दुपार त्यातच गेली. स्ट्रेचरची फिरती चाकं लावली, ती वेग आला की मुंडी हलवायला लागली. ढकलगाडीची लोखंडी लावली, आवाजानं शेजारचा दुकानदार बाहेर आला. हवेची छोटी चाकं लावली आणि वरणाला नुसता शहारा आला, थेंब सांडला नाही. शारिक खूश झाला. पण नीलम्मानं मान हलवली. ट्यूशन एरियातल्या मोकळ्या प्लॉटांत सराटे किती. रोज पंक्चर कोण काढणार? आणि फळी वीतभर उंच झाली होती. एवढी उंच चढायची तर गुडघा वाकला, मग हा सगळा खटाटोप कशाला?

शारिक म्हणाला, चाक मोठं म्हणजे फळी उंच, त्याला इलाज नाही. नीलम्मा म्हणाली, आसाच्या वर फळी कशाला ठेवतोस, आसाच्या खाली टांग. पाळणा टांगतात तसा. मामूंनी लगेच फळी उचलून आसाखाली धरून बघितली.

शेवटी मामूंनी पोत्याच्या तळातून एक जोडी काढली. दवाखान्यातल्या चाकांच्या खुर्चीची पुढची, सहा इंची, राखाडी रबराची, भरीव. त्यांनी अंगठ्याचं नख दाबून बघितलं, खूण उमटली नि हळूहळू भरून आली. त्यावर आकडा-बिकडा काही नव्हता. ताटलीतलं वरण काठापर्यंत यायचं आणि परत फिरायचं. मागची दोन चाकं शारिकला आधीच मिळाली होती, उभ्यानं चालवायच्या श्रीमंत खेळण्यातली, पोटातच मोटार असलेली. उंचीला जवळपास सारखी.

मामूंनी चाकं दिली, पण आतली बेअरिंग काढून घेतली. ही झिजलीत म्हणाले, नवी घाला, चांगल्यातली. "बाई, रबर पुराना चलता. बेअरिंग में कंजूसी नक्को. और चक्का देखके नक्को लेव, रस्ता देखके लेव."

नीलम्माला ते पटलं. तीही भाजी स्वस्तातली घ्यायची, तेलात कधी हात आखडायची नाही.

परत येताना आसाखाली टांगायची नवी फळी कशाची करायची हे निघालं. शारिकनं तिच्या घरातली लोणच्याच्या बरण्या ठेवायची सागाची फळी बघितली होती, भूकंपात पडलेल्या माहेरच्या घराच्या दाराची. फुकटात, मजबूत. नीलम्मा नाही म्हणाली. "त्या दारानं येळेला उघडायचं न्हाई केलं. त्याच्यावर बरण्याच ठीक हायत." मग बंद पडलेल्या एका ट्यूशनच्या बाकाची फळी घेतली. तिच्यावर कुणीतरी करकटकानं कोरलेलं एक सूत्र होतं. ते शारिकला पुसावं वाटलं नाही.

वीसेक दिवसांत फळी झाली. बॅटरी जुन्या लॅपटॉपांतल्या जिवंत सेलांची. वेग म्हणाल तर रमतगमत चालणाऱ्या बैलाएवढा, त्याच्यावर जाऊ नये असंच शारिकनं बांधून टाकलं होतं. पुढं दुधाचा क्रेट, त्यात डबे, मधे लोखंडी दांडा, दांड्याला अंगठ्यानं दाबायची कळ. वळायला अंग कलतं करावं लागायचं. शारिक शिकवायला गेला, पण तिला ते शिकवावं लागलं नाही. कमरेवर घागर घेऊन वळावं तशी ती वळली. पहिल्या दिवशी गल्लीतली पोरं खिडक्यांना लोंबकळली. कुणीतरी शिट्टी मारली. इरकली नेसलेली पंचावन्न वर्षांची बाई डबे घेऊन, ताठ उभी, घोड्यावरून आल्यासारखी. तिनं वर बघितलंसुद्धा नाही. पहिल्या इमारतीपाशी उतरली आणि जिना चढली. रस्त्यात वाचलेले गुडघे तिला तिथं खर्चायचे होते.

हे सुख अकरा दिवस टिकलं.

खंडेनवमीला आमच्याकडं औजारांना आंघोळ असते. नीलम्मानं विळी धुतली, खलबत्ता धुतला, तवा, उलथनं, काटा, सगळं घासून पाटावर मांडलं. फळीला नळी लावली, चाकांत अडकलेली काळी माती बोटानं काढली, उलटी करून पोटही धुतलं. हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. दसरा झाल्यावर कळ दाबली तर फळी मुकी.

शारिकनं पोट उघडलं. मोटारीला हुकूम देणारी पाटी काळी पडली होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात गर्दी हे ठरलेलं. धुतलेले पंप, धुतलेले इन्व्हर्टर. एकानं तर कॉम्प्युटरची पेटी आंघोळ घालून आणली होती. सालभराचं निम्मं काम त्या आठवड्यात.

त्यानं विचारलं, मिक्सर पण धुतला का?

"मिक्सर कोण धुतंय? येडी हाव का मी? पुसला."

"मग फळी?"

"फळी लाकूड हाय."

शारिकनं काळी पाटी काउंटरवर ठेवली. मग म्हणाला, "गलती माझी हाय मावशी. मी खेळणं समजून बांधलं. खेळण्याला कोण धुतंय? औजार समजून बांधलं असतं तर पाणी आत गेलंच नसतं."

नवी पाटी यायला दोन महिने लागले. स्वस्तातली, त्यामुळं पहिली आली ती मेलेलीच. नीलम्मा पुन्हा पायी. दिवाळीच्या सुट्टीनं थोडा आराम दिला, पण सुट्टी संपली तसा डावा गुडघा पुन्हा फुगला. वरच्या मजल्यांसाठी तिनं नाइलाजानं दोरी केली. पोरांनी वरून पिशवी सोडायची, तिनं भरला डबा घालायचा, उष्टा काढून घ्यायचा.

सिंधू परत आली होती. बाप सोडून गेला, जाताना नीलम्माच्या पाया पडला, ते तिला आवडलं नव्हतं. सुरुवातीला सिंधूचा डबा ठीक यायचा. मग दोरीनं धुतलेला यायला लागला. लखलखीत, पुसून कोरडा केलेला. नीलम्मानं खालून ओरडून सांगितलं, धुवायचा न्हाई. वरून आवाज आला, हाव मावशी. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुतलेला. पाच दिवस. तिसऱ्या मजल्याला अठ्ठेचाळीस पायऱ्या होत्या. नीलम्मानं दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा पहिल्या मजल्यावर बसून उतरली. व्यंकटला वर पाठवलं. तो म्हणाला, पोरगी चांगली हाय, हसली, खाऊन राहिली म्हणाली.

नीलम्मा म्हणाली, "हसायला काय लागतं?" आणि शारिकच्या दुकानात जाऊन बसली. पाटी लाव, म्हणाली, आजच्या आज.

दुसरी पाटी आलेली होती. शारिक ती प्लास्टिकच्या खोक्यात बसवणार होता. नीलम्मानं घरातून रबरी कडेचा, चार कड्यांचा डबा आणून दिला. ज्यात आमटी घालून उलटा केला तरी थेंब येत नाही तसला. शारिकनं वायरींना भोकं पाडली, एम-सीलनं बुजवली, आत पाटी, झाकण खाडकन. मग तिनंच तो बादलीत बुडवून बघितला. बुडबुडा आला नाही.

दुसऱ्या दिवशी येळवस होती, म्हणजे वेळ अमावस्या.

येळवशीला लातुरात कुत्रं नसतं. सगळं गाव शेतात, कडब्याच्या खोपीत लक्ष्मी मांडायला, कडधान्या-भाज्यांची भज्जी नि ताकातली आंबील खायला. दुकानं बंद, ट्यूशन बंद, मेस बंद. उरतात ती बाहेरगावची पोरं, बिस्किटाच्या पुड्यावर दिवस काढणारी. नीलम्माला शेत राहिलं नव्हतं. ती दरवर्षी या दिवशी पोरांना भज्जी, बाजरीचे उंडे नि आंबील पोचवायची. रिकाम्या रस्त्यावरून फळी निघाली. क्रेटमध्ये आंबिलीचं केळं, मातीचं मडकं, तोंडाला फडकं बांधलेलं. आंबील वरणापेक्षाही पातळ. फडकं कोरडं राहिलं.

ती सगळ्यात आधी सिंधूच्या इमारतीला गेली. बाकीच्यांना तासभर उशीर झाला तर झाला. दांड्याला धरून उतरली, तांब्यात आंबील घेतली, भज्जीचा डबा घेतला आणि कठड्याला धरून चढायला लागली. प्रत्येक मजल्यावर थांबली, पण बसली नाही. गुडघे सकाळपासून ताजे होते.

सिंधूनं दार उघडलं, हसली. नीलम्मा आत गेली आणि तिनं आधी गादीचा कोपरा उचलला. खाली नुसत्या नोट्स. मग तिनं खिडकी उघडली. बाहेर गजाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली होती. पाच दिवसांच्या पोळ्या, भात, सगळं सडलेलं. कावळ्यांनी फाडलेली.

सिंधू रडायला लागली. महिनाभराचा अभ्यास बुडाला होता, शेवटच्या पेपरात ती वर्गात शेवटून दुसरी आली होती. घास गळ्याखाली जात नव्हता, आणि डबा भरलेला दिसला तर मावशी बापाला फोन करील, बाप घेऊन जाईल, ही भीती. हे सगळं ती हुंदक्यात सांगत गेली. नीलम्मानं ऐकून घेतलं. अभ्यासातलं तिला काय कळणार होतं. ती गादीवर पाय लांब करून बसली आणि तिच्या एक गोष्ट लक्षात आली.

"सिंधू, मी बसले खरी. आता मला एकटीला उठता येत न्हाई, उतरता तर त्याहून न्हाई. तुला मला धरून तीन मजले उतरवायचंय."

सिंधूनं डोळे पुसले, हात पुढं केला. तो हात थरथरत होता.

"अशा हातानं? दोघी बी गडगडत जाऊ. आंबील पी आधी."

सिंधूनं अर्धा तांब्या घेतला. थांबली, मग उरलेला घेतला. भज्जी खाल्ली नाही. नीलम्मानं आग्रह केला नाही. तासाभरानं दोघी निघाल्या. अठ्ठेचाळीस पायऱ्यांना वीस मिनिटं लागली. मधे दोनदा सिंधूलाच चक्कर आली नि नीलम्मानं कठडा धरून तिला सावरलं. खाली आल्यावर नीलम्मा फळीवर चढली, सिंधू क्रेटला हात लावून शेजारी चालत राहिली, आणि उरलेल्या आठ इमारतींचे जिने त्या दिवशी सिंधूच चढली. हळूहळू, थांबत. प्रत्येक खोलीतनं काय परत आलं ते ती खाली येऊन सांगायची. नीलम्मा विचारायची, कडा राहिल्यात का मधलं?

दुसऱ्या दिवशी सिंधूची दोरी खाली आली. डबा जड नव्हता, हलकाही नव्हता. नीलम्मानं झाकण काढलं. पोळी अर्धी, भात संपलेला, भाजीला हात नाही, ताळीला वरणाचं वाळलेलं बोट. डबा धुतलेला नव्हता, उष्टा होता. मग झाकण लावलं, डबा क्रेटमध्ये ठेवला नि अंगठ्यानं कळ दाबली.